जयपूरच्या वेशीवरचे मराठे

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारातला सात मजली मनोरा म्हणजे ईसरलाट. राजमहलच्या लढाईत सावत्रभाऊ माधोसिंह आणि त्याचे पाठीराखे यांच्यावर मिळालेल्या विजयाची खूण म्हणून सवाई ईश्वरीसिंहाने तो १७४९ मध्ये उभारला. पुढच्याच वर्षी त्याने विष घेतले, कारण मल्हारराव होळकर फौज घेऊन राजधानीवर चालून आले होते.

‘सिव्हिलायझेशन’सारख्या आळीपाळीने चाली करायच्या संगणकी खेळात एक शेजारी हमखास भेटतो. आपले सैन्य कमी दिसले की तो सीमेवर येतो, पैसे मागतो, आणि दिले तरी पुन्हा येतो. असा शेजारी जयपूरने अठराव्या शतकात प्रत्यक्ष सोसला, आणि तो मराठी बोलत होता. अटकेपार गेलेल्या झेंड्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही बाजूही मनापासून वाचायला हवी.

१७२७ मध्ये शहर वसवणारा सवाई जयसिंह या शेजाऱ्याला पुरता ओळखून होता. माळव्याचा सुभेदार म्हणून त्याने मराठ्यांशी दोन हात केले होते. १७३४ मध्ये हुरड्याला राजपूत राजांची एकजूट करण्याचा प्रयत्न झाला, पण ती टिकली नाही. मग त्याने बोलणी धरली. १७३६ मध्ये किशनगडजवळ तो बाजीरावांना भेटला आणि १७४१ मध्ये धौलपूरला नानासाहेबांशी माळव्याचा करार ठरवला. माळवा बादशहाचा होता. तो सोडून जयसिंहाने स्वतःचा मुलूख राखला. अख्ख्या शतकात जयपूरची याहून शहाणी चाल दिसत नाही.

दार उघडे राहिले ते घरात. उदयपूरच्या राजकन्येशी लग्न करताना १७०८ मध्ये जयसिंहाने वचन दिले होते, की तिचा मुलगाच गादीवर बसेल. १७४३ मध्ये तो वारला, थोरला ईश्वरीसिंह राजा झाला, आणि तिच्या पोटचा माधोसिंह मेवाडच्या बळावर हक्क सांगू लागला. दोघांनीही मराठ्यांना पैसे कबूल केले. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे, होळकर माधोसिंहाच्या बाजूला. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूला भर पावसात लढाई झाली. सूरजमल जाट मदतीला असूनही ईश्वरीसिंहाला भावाला परगणे तोडून द्यावे लागले, वर पैशांचा वायदाही करावा लागला.

वायद्याचे पैसे आले नाहीत. त्यातच ईश्वरीसिंहाने आपला दिवाण केशवदास खत्री याला, मराठ्यांना फितूर असल्याच्या संशयावरून, विष देऊन मारले. मराठ्यांशी बोलणी कशी करावी हे ज्याला नेमके कळत होते, तोच माणूस गेला. डिसेंबर १७५० मध्ये होळकर जवळ आल्यावर राजाने विष घेतले आणि नागाचा दंशही करवून घेतला. त्याच्या मागे तीन राण्यांनीही विष घेतले.

माधोसिंह गादीवर आला तो मराठ्यांच्या जोरावर. जानेवारीत जयाप्पा शिंदेही येऊन पोहोचले आणि मागण्या वाढतच गेल्या. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतली हजारो माणसे नवे शहर पाहायला, बाजारहाट करायला आत गेली होती. भर दुपारी वेशीचे दरवाजे बंद झाले आणि कत्तल सुरू झाली. ती मध्यरात्रीपर्यंत चालली. जीव वाचवायला तटावरून उड्या टाकणाऱ्यांचे पाय मोडले. मेलेल्यांचा आकडा सुमारे तीन हजार सांगतात, त्यात बायकापोरेही होती. लोकांचा राग समजण्यासारखा होता, पण त्याची शिक्षा निःशस्त्र पाहुण्यांना झाली. माधोसिंहाने दिलगिरी कळवली, भरपाईचे बोलणे केले. लवकरच दिल्लीचा वजीर सफदरजंग याच्या बोलावण्यावरून शिंदे-होळकर दुआबात निघून गेले, म्हणून शहर वाचले.

वैर मात्र संपले नाही. १७६१ मध्ये पानिपतानंतर खचलेल्या मराठ्यांना हुसकता येईल असे माधोसिंहाला वाटले. मांगरोळला मल्हाररावांनी त्याची फौज मोडली. १७८७ मध्ये तुंग्याला जयपूरचा राजा प्रतापसिंह याने राठोडांच्या साथीने महादजी शिंद्यांना मागे हटायला लावले, तर १७९० मध्ये पाटणला महादजींचा सेनापती द बॉईन याने त्याचा बदला घेतला. हवामहल बांधणारा राजा तो हाच प्रतापसिंह.

शेवटी जयपूरने अधिक बलवान शेजारी जवळ केला. इंग्रजांशी १८०३ मध्ये केलेला तह त्यांनीच पुढे मोडला. २ एप्रिल १८१८ चा टिकला. त्यात संरक्षणाच्या मोबदल्याचा हिशेब पक्का होता: पहिले वर्ष माफ, दुसऱ्या वर्षी चार लाख, मग दरसाल एकेक लाख वाढवत सहाव्या वर्षी आठ लाख.