गिरण्यांचा कोळसा आणि सह्याद्रीचें पाणी

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास सांगतांना कापसाची कथा पुष्कळ सांगितली जाते. कोळशाची मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. मुंबईजवळ कोळशाची खाण नाहीं. बंगालचा कोळसा आगगाडीनें अथवा कलकत्त्याहून आगबोटीनें येई, कधीं थेट इंग्लंडहून. म्हणजे गिरणीच्या भट्टींत कोळशाबरोबर त्याचें भाडेंही जळत असे.

यावर सह्याद्रीच्या पावसाचा तोडगा जमशेटजी टाटा यांनीं मनांत धरिला. पण १९०४ सालीं ते वारले आणि कंपनी निघाली १९१० सालीं. पाऊस चार महिन्यांचा, गिरणीला शक्ति बारमाही हवी. म्हणून लोणावळें, वळवण व शिरवटा येथें तलाव बांधले. इंद्रायणी पूर्वेस वाहते असें आम्ही मुलांना शिकवीत आलों. तिच्या खोऱ्यांतलें हें पाणी मात्र नळांतून पश्चिमेस, १७०० फुटांहून अधिक खालीं, खोपोलीस उतरलें आणि १९१५ सालीं त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस पोंचली.

मागणी वाढली तसा धरणांचा मोर्चा दक्षिणेस मुळशीकडे वळला. निळा-मुळेच्या संगमावरील धरणानें आंबेमोहराचीं खाचरें जाणार हें ओळखून मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापति’ झाले ते येथेंच. जमिनीचा मोबदला पैशांत फिटतो, हें सरकारचें गणित. पिढीजाद खाचराला असा बाजारभाव लावणें मला तरी पटत नाहीं. १९२४ सालीं लढा विझला. १९२७ सालीं भिऱ्याचीं जनित्रें फिरूं लागलीं, तेव्हां मुळशीचीं जुनीं गांवें तलावाच्या तळाशीं होतीं.