मऊपणा नेमका कुठे कळतो?

हापूसच्या दिवसांत घाटकोपर किंवा मुलुंडच्या बाजारात तुम्ही आंबा कसा निवडता? अंगठ्याने हलकेच दाबून. आंबेवाला "दाबू नका हो" म्हणेपर्यंत बोटाला उत्तर मिळालेलं असतं. तेच उत्तर यंत्राकडून मिळवायला संशोधक कित्येक दशकं झटतायत. हॅप्टिक्समध्ये, म्हणजे स्पर्श-प्रतिसादाच्या विषयात येणार असाल तर हा इतिहास आधी बघा. त्यात एक सापळा आहे.

सुरुवात मऊ वस्तूंपासून झालीच नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ भिंतीआडून हाताळायला यांत्रिक हात बनवले. आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे हात वापरतात. तिकडे वस्तू अडली की इकडे हाताला जाणवतं. 1967 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी ग्रोप प्रकल्प सुरू केला आणि पलीकडे खऱ्या वस्तूऐवजी संगणक आला.

1994 मध्ये एमआयटीच्या थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम हे यंत्र मांडलं. ते टेबलावर मावायचं. शिवणकामातल्या अंगुस्तानासारख्या टोपीत बोट घालायचं, बस्स. मऊपणासाठी गणित साधं, हूकच्या नियमाचं: बोट आभासी वस्तूत जितकं खोल, तितकं उलट बल जास्त. गुणक कमी ठेवला की वस्तू मऊ. हा हिशोब सेकंदाला साधारण 1000 वेळा करावा लागतो, नाहीतर कडक पृष्ठभाग थरथरतो.

आता सापळा. 1995 मध्ये मंड्यम श्रीनिवासन आणि रॉबर्ट लामोट यांनी लोकांना कमी-जास्त मऊ रबराचे नमुने ओळखायला दिले. बोटाची त्वचा बधिर केल्यावर लोकांना मोठे फरकही कळेनात, जरी हाताची हालचाल आणि बल जाणवत होतं. 2000 मध्ये अंतोनिओ बिक्की आणि सहकाऱ्यांनी पुढचा मुद्दा मांडला: दाब वाढताना बोट आणि वस्तू यांचा स्पर्श किती वेगाने पसरतो, ही मोठी खूण असते.

टोपीतल्या बोटाला हा पसरणारा स्पर्श मिळतच नाही. म्हणजे यंत्र स्प्रिंगचा कडकपणा देत होतं आणि आपण त्यालाच मऊपणा म्हणत होतो.

पवईच्या आयआयटी मुंबईत सुभाशिष चौधुरी यांच्या गटाने वेगळ्या टोकाने सुरुवात केली: बलातला किती बदल हाताला मुळात कळतो? जो कळत नाही, तो नेटवर्कवरून पाठवायचा कशाला? अमित भारद्वाज यांच्यासोबतचं त्यांचं याविषयीचं पुस्तक 2018 मध्ये आलं. इथे प्रश्न यंत्रापासून नाही, माणसापासून सुरू होतो.

मी स्वतः त्याच सापळ्यात पडलो होतो. पहिल्या प्रस्तावात मी फक्त बल मोजणार होतो, कारण लॅबमध्ये तेच मोजणारं यंत्र होतं. सरांनी एवढंच विचारलं, "यात त्वचा कुठंय?" प्रस्ताव नव्याने लिहावा लागला.

उद्या एखादी शिकाऊ डॉक्टर अशाच यंत्रावर गाठ चाचपायला शिकेल. खूणच चुकीची असेल, तर तिचा हातही चुकीचं शिकेल. म्हणून यंत्र निवडण्याआधी एका कागदावर लिहा: माणसाला हे नेमकं कशावरून कळतं? ते लिहिता येत नसेल, तर प्रयोग अजून सुरू करू नका.