उत्तरकथेचा आनंद आणि पूर्वसूरींचे ऋण



गोष्ट संपली तरी श्रोत्याची जिज्ञासा संपत नाही. 'पुढे काय झाले?' हा प्रश्न उरतोच. सीतात्यागाची कथा भवभूतीने 'उत्तररामचरिता'त पुन्हा हाती घेतली आणि शेवटी राम-सीतेचे मीलन घडवून आणले. तेव्हा अमेरिकेतील अतिमानवी नायकांच्या, म्हणजे मुले ज्यांना 'सुपरहीरो' म्हणतात त्यांच्या, चित्रकथांचे पुढील भाग आवडीने वाचणाऱ्यांकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र या आनंदालाही एक इतिहास आहे, आणि तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

सुपरमॅन हा या घराण्याचा मूळपुरुष. क्लीव्हलँड येथील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो अवतरला. त्याचे सर्व हक्क प्रकाशकाच्या हाती गेले, ते अवघ्या १३० डॉलरला! नायकाने पुढे अमाप द्रव्य मिळवून दिले. त्याचे जनक मात्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. १९७५ साली हे प्रकरण लोकांपुढे आले, तेव्हा कोठे वॉर्नर कंपनीने दोघांना दरसाल २०,००० डॉलर देण्याचे आणि कथांवर त्यांची नावे छापण्याचे मान्य केले.

आता दुसरे उदाहरण घेऊ. १९८६-८७ मध्ये ॲलन मूर या लेखकाने आणि डेव्ह गिबन्स या चित्रकाराने 'वॉचमेन' ही बारा अंकांची चित्रकथा डीसी या प्रकाशनसंस्थेसाठी रचली. मुखवटे चढवून न्याय करणारी माणसे खरोखरच असती, तर समाजाची काय गत झाली असती, हा तिचा विषय. पुस्तक छपाईतून बाहेर गेले की काही काळाने हक्क कर्त्यांकडे परत यावेत, असा करार होता. परंतु पुस्तक इतके खपले की ते छपाईतून बाहेर पडलेच नाही! यश हेच कर्त्यांच्या मार्गातील धोंड ठरले. मूर प्रकाशकांपासून दुरावले. २००९ साली चित्रपट निघाला, तेव्हा त्यांच्याच इच्छेवरून त्यावर त्यांचे नाव नव्हते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'वॉचमेन'मधील पात्रे सर्वस्वी नवी नव्हेत. चार्ल्टन या जुन्या प्रकाशनाच्या नायकांवरून ती बेतलेली होती. म्हणजे जिची उत्तरकथा निघाली म्हणून वाद माजला, ती मूळ कथाही कोणाच्या तरी खांद्यावर उभी होती.

ही उत्तरकथा म्हणजे 'डूम्सडे क्लॉक'. जेफ जॉन्स यांचे लेखन आणि गॅरी फ्रँक यांची चित्रे असलेले तिचे बारा अंक २०१७ ते २०१९ या काळात निघाले. अंकांना विलंब होई, आणि वाचक वाट पाहत. पृष्ठावर नऊ चौकटी मांडण्याची मूळ कथेची धाटणी तिने राखली. कालाच्या पलीकडे पाहणारा डॉक्टर मॅनहॅटन तीत सुपरमॅनच्या जगात येतो, तो नेमका १९३८ साली. निराश झालेल्या या सर्वशक्तिमान पुरुषाला अखेर सुपरमॅनच्या चांगुलपणापुढे नमते घ्यावे लागते. ओळखीच्या पात्रांची ही अनपेक्षित भेट वाचताना सुख होते, हे मोकळेपणाने मान्य करावे.

पण ते सुख देणारे दोन्ही नायक ज्यांच्या हातांतून निसटले, ते लोक वाचकाला आठवावेत की नाही? भवभूतीने आपल्या नाटकाच्या आरंभीच पूर्वीच्या कवींना वंदन केले आहे. त्याच्यावर कोणत्याही कराराचे बंधन नव्हते. कायदा द्रव्याचा हिशेब ठेवील. परंतु हे वंदन कायद्याने होत नाही. ते लेखकाने आणि वाचकाने करावयाचे असते. पुढील भाग अवश्य वाचा, मनसोक्त वाचा. मात्र पहिली रेघ कोणी ओढली, त्याचे नाव आधी वाचा.