खोगीर आणि तोबरा

मोटारींच्या कारखान्यांनीं आतां वेढलेल्या चाकणच्या भुईकोटापाशीं गेलें असतां मनांत प्रथम तरवारच येते. १६६० च्या पावसाळ्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानास येथें सुमारें दोन महिने झुंजविलें. सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां किल्ला पडला. परंतु घोडेस्वाराचा इतिहास केवळ हत्यारांवरून लिहूं नये, असें आम्हांस वाटतें. भाल्याचें काम लढाईच्या दिवशीं. तोबरा घोड्याच्या तोंडीं रोज चढे. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास चिपळूणकडील पागेस शिवछत्रपतींनीं जें पत्र धाडलें, त्यांत काळजी आहे ती दाणावैरण पावसाळाभर कशी पुरेल याची, आणि जळती वात उंदरानें नेली तर गवताचें काय होईल याची!

असलें सामान नाशवंत. अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथील थडग्यांत पाणी गोठून राहिलें, म्हणून तर सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वींच्या भटक्या स्वारांचीं, हरणाचे केस भरलेलीं नमद्याचीं खोगिरें घोड्यांसकट टिकलीं; १९२९ त तेथें उत्खननास आरंभ झाला. रिकीब मात्र तेथें सांपडली नाहीं. ती त्या स्वारांस ठाऊकच नव्हती. आमच्याकडे बर्फ नाहीं, पाऊस आहे. बारगिराचें खोगीर कुजलें आणि फारसीच्या वाटेनें आलेला शब्द तेवढा उरला. त्यांत चिंध्या कोंबीत, म्हणून निरर्थक मजकुरास आम्ही खोगीरभरती म्हणतों (संपादकांस हा शब्द फार प्रिय). चाकणच्या ज्या पोरानें पागा कधीं पाहिली नाहीं, त्यासही आई जेवतांना विचारते, ‘एवढा तोबरा कशाला भरलास?’