हिंवाळ्यांतील आकाश आणि बिनतारी दोर

संक्रांत जवळ आली कीं आमच्याकडे आकाश मुलांच्या मालकीचें होतें. येवल्यास तर भोगीपासून करीपर्यंत थोरामोठ्यांनाही गच्चीवरून खालीं उतरविणें कठीण जातें. पतंग उडविणाऱ्यास विचारा, तो सांगेल कीं सारी विद्या कागदांत नाहीं आणि कामट्यांतही नाहीं. ती हातांतील दोरांत आहे. दोर तुटला कीं पतंग हा पतंग राहत नाहीं, वाऱ्यावर सोडलेला कागद होतो. ज्या विषयावर आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे त्याचा उगमही एका पतंगांतच आहे, आणि त्यांतील सारा खटाटोप दोरावांचून दोर कसा बांधावा यासाठींच झालेला आहे. आम्ही बोलत आहों तें बिनतारी लहरींनीं चालविल्या जाणाऱ्या लहान विमानांविषयीं, आणि त्यांतही थंडीच्या दिवसांत, गोठलेल्या मैदानांवर तीं उडविणाऱ्या माणसांविषयीं.

उत्तर अमेरिकेंतील पुष्कळ हौशी मंडळांत जानेवारीच्या पहिल्या तारखेस सकाळीं बर्फांत जमून वर्षाचें पहिलें उड्डाण करण्याची चाल आहे. पारा शून्याखालीं उतरलेला, श्वासाची वाफ होत आहे, बोटें बधिर झालीं आहेत, आणि प्रौढ गृहस्थ गुडघाभर हिमांत उभे राहून मान वर करून पाहत आहेत! यास कोणी वेड म्हणेल. परंतु विमानविद्येचा इतिहास चाळला असतां या वेडाची कुळी फार जुनी व प्रतिष्ठित असल्याचें दिसून येतें.

मनुष्य उडण्यापूर्वीं त्याचीं खेळणीं उडालीं. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील सर जॉर्ज केली यांनीं १८०४ सालीं एका काठीस पतंग पंखासारखा बांधून व मागें शेपटी जोडून हवेंत सोडला. आजच्या विमानाचा आराखडा त्या काठींत आहे. फ्रान्समधील आल्फोंस पेनो या तरुणानें १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्वीलरी बागेंत रबराच्या पिळावर चालणारें विमान अकरा सेकंदांत सुमारें ४० मीटर नेलें. त्याचें वजन अवघें १६ ग्रॅम होतें. पुढें मोठें विमान बांधण्यास त्यास कोणी द्रव्य दिलें नाहीं, आणि १८८० सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यानें आत्मघात केला. पेनोच्याच धर्तीचें रबरावर उडणारें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका पाद्र्यानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. तीं मुलें म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

मुंबईंत शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर निर्मनुष्य विमान उडविल्याची कथा आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं ऐकली असेल. ती खरी ठरती तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढें आलेला नाहीं, आणि अभिमानापायीं इतिहासांत भर घालणें आम्हांस पसंत नाहीं.

थंडीचा संबंध खरा दिसतो तो पुढें. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांनीं वाफेच्या इंजिनावर चालणारीं निर्मनुष्य विमानें बांधलीं. त्यांतील सहाव्या क्रमांकाचें, सुमारें चौदा फूट पंखांचें विमान २८ नोव्हेंबर १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर पाऊण मैलाहून अधिक उडालें. त्याच लँग्लींचें माणूस बसावयाचें विमान ८ डिसेंबर १९०३ रोजीं त्याच नदींत कोसळलें, आणि चार्ल्स मॅन्ली यांस बर्फाळ पाण्यांतून मोठ्या प्रयासानें बाहेर काढावें लागलें. वृत्तपत्रांनीं म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची मनसोक्त टवाळी केली. लहान नमुना उडाला म्हणजे मोठें विमान उडेलच असें नाहीं, हा धडा लँग्लींना फार महाग पडला. १९०६ सालीं ते वारले.

त्यानंतर नऊच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, किटी हॉकच्या वाळूवर राइट बंधूंनीं उड्डाण केलें. त्या सकाळीं डबक्यांतील पाणी गोठलेलें होतें, उत्तरेचा वारा ताशीं वीस ते सत्तावीस मैलांनीं वाहत होता, आणि दोघे भाऊ मधून मधून झोपडींत जाऊन शेकोटीवर हात शेकून येत होते. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें व १२० फुटांचें झालें; चौथें ५९ सेकंदांचें, ८५२ फुटांचें. त्या थंडीनें त्यांस छळलें खरें, पण मदतही केली, कारण थंड हवा दाट असते. बरोबर शंभर वर्षांनीं, १७ डिसेंबर २००३ रोजीं, त्याच जागीं मोठ्या समारंभांत त्या विमानाची हुबेहूब प्रतिकृति उडविण्याचा प्रयत्न झाला. पाऊस पडत होता, वारा मंद होता, आणि तें विमान रुळावरून घसरून चिखलांत बसलें!

आतां बिनतारी दोराकडे वळूं. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनीं १८९५ च्या सुमारास विद्युल्लहरी भिंतीपार पाठवून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. दुरून आज्ञा करून काम करवून घेण्याचें बीज त्यांत होतें. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका तारेवांचून चालवून दाखविली, आणि त्याच वर्षीं तिचें पेटंट घेतलें. पाण्यांतील नौका चुकली तर थांबते. हवेंतील यंत्रास थांबण्याची मुभा नसते. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांत आर्चिबाल्ड लो यांनीं बिनतारी आज्ञा ऐकणारें विमान तयार केलें. २१ मार्च १९१७ रोजीं अपाव्हन येथें तें सेनाधिकाऱ्यांपुढें सोडण्यांत आलें, आणि थोड्याच वेळांत जमिनीवर आदळलें.

हें सर्व झालें सरकारी तिजोरीच्या बळावर. हौसेच्या बळावर तेंच करून दाखविण्याचें श्रेय ज्यांस जातें त्यांत मिशिगन प्रांतांतील कालामाझू गांवचे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ अग्रगण्य होत. १९३७ सालीं दोघेही विद्यार्थी होते. एकास विमानें बांधण्याचा नाद, दुसऱ्यास हौशी रेडिओचा. दैवानें दोन छंद एकाच पाळण्यांत घातले होते. त्यांच्या 'गफ' नांवाच्या विमानाचे पंख आठ फूट लांब होते. आज ज्यास आपण नियंत्रण म्हणतों तसें त्यांत फारसें कांहीं नव्हतें. विमानांत रबराच्या पिळानें फिरूं पाहणारें एक चाक अडवून ठेवलेलें असे. खालून लहर गेली कीं अडसर क्षणभर निघे, चाक थोडें फिरे आणि सुकाणूं डावीकडे वळे. पुन्हां सरळ, मग उजवीकडे, मग पुन्हां सरळ. ठरलेला हा क्रम उलटा करतां येत नसे. म्हणजे चालविणाऱ्यानें मागील आज्ञा लक्षांत ठेवावयाची आणि पुढील वळण मनांत मोजावयाचें; एक आज्ञा विसरली कीं विमान भलतीकडे जावयाचें. १९३८ सालीं डेट्रॉइट येथें झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेंत याच विमानानें पहिला क्रमांक मिळविला.

कालामाझूचा हिंवाळा मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या हिमवृष्टीबद्दल प्रसिद्ध आहे. अशा हवेंत त्या काळच्या यंत्रांचे काय हाल होत असतील याचा विचार वाचकांनीं करून पाहावा. रबर थंडींत ताठरतें, म्हणजे सुकाणूंचें चाक आळसावतें. बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते, दाब उतरतो, आणि घरच्या उबेंत नीट जुळवून ठेवलेला रिले मैदानावर ऐकेनासा होतो. ग्राहकयंत्राची जुळणीही तपमानाबरोबर सरकते. इंधन नीट उडून जात नाहीं म्हणून इंजिन सुरू होत नाहीं, एरंडेल मिसळलेलें असल्यास तें घट्ट होतें, आणि पंखा हातानें फिरवून फिरवून बोटांस जखमा होतात; थंडींत त्या लागलेल्याही कळत नाहींत. पुढें नायलॉनचे पंखे निघाले तेव्हां ते कोरड्या थंडींत ठिसूळ होतात असें आढळून आलें. तेव्हां हौशी लोक ते पाण्यांत उकळून घेऊं लागले! नायलॉन पाणी पितें आणि चिवट होतें. पुस्तकी विद्वानांस सुचणार नाहीं अशी ही स्वयंपाकघरांतली युक्ति आहे.

मग थंडींत जावेंच कां? एक कारण वर आलेंच आहे. ३० अंशांच्या हवेंत एका घनमीटरचें वजन सुमारें १.१६ किलोग्रॅम भरतें, तर शून्य अंशास तें १.२९ किलोग्रॅम होतें. म्हणजे पंखाखालीं नवव्या हिश्श्याहून अधिक हवा फुकट मिळते. विमान कमी वेगांत तरंगतें, इंजिनासही प्राणवायु अधिक मिळतो. शिवाय उन्हाळ्यांत तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत लहान विमानास उचलून आपटतात. हिंवाळ्यांतील निरभ्र सकाळीं हवा कांचेसारखी स्तब्ध असते. चाकांच्या जागीं घसरपट्ट्या लावल्या म्हणजे सारें हिमाच्छादित शेतच धांवपट्टी होते, आणि पडझड झाली तरी मऊ हिमांत पडणें खडकावर पडण्याहून बरें. आकाश ढगाळ असलें तर मात्र वर पांढरें, खालीं पांढरें, आणि विमान किती उंच आहे हें डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून जाणते लोक पंखांची खालची बाजू गडद रंगवितात. सूर्यही दिवसभर क्षितिजाजवळ रेंगाळतो, तेव्हां त्यास पाठीशीं घेऊन उभें राहणें हिताचें. सर्वांत घातक म्हणजे गोठणारें धुकें. पंखाच्या कडेवर चढलेला बर्फाचा पातळ पापुद्रा पंखाचा आकारच बदलून टाकतो.

या खेळाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होणार नाहीं. इंग्रजांच्या आरमारास तोफांच्या सरावासाठीं उडतें लक्ष्य हवें होतें. १९३२ च्या जानेवारींत 'फेअरी क्वीन' हें बिनतारी विमान युद्धनौकेवरून फेंकलें आणि तें लगेच समुद्रांत पडलें. दुसऱ्याचीही तीच गत झाली. तिसरें उडालें, आणि १९३३ च्या आरंभीं भूमध्य समुद्रांत आरमाराच्या तोफांतूनही तें वांचलें. तोफखान्याची इतकी नाचक्की क्वचितच झाली असेल. त्यांतून १९३५ सालीं 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, हें विमान जन्मलें. अशा निर्मनुष्य यंत्रांस नरमाशीचें 'ड्रोन' हें नांव पडलें तें या राणीमाशीच्याच नात्यानें, असें सांगतात. अमेरिकेंत रेजिनाल्ड डेनी या चित्रपटनटानें हॉलिवुडमध्यें मॉडेल विमानांचें दुकान घातलें, आणि त्या दुकानाच्या हौसेंतून असा कारखाना उभा राहिला कीं दुसऱ्या महायुद्धांत त्यानें सैन्यास हजारों लक्ष्यविमानें पुरविलीं. त्याच कारखान्यांत कामास असलेल्या एका तरुणीचें छायाचित्र एका लष्करी छायाचित्रकारानें घेतलें. पुढें ती मॅरिलिन मन्रो या नांवानें जगास ठाऊक झाली. दुसरी एक नटी, हेडी लामार, हिनें संगीतकार जॉर्ज अँथील याच्यासह १९४२ सालीं पेटंट मिळविलें तें बिनतारी पाणतीराच्या लहरी सारख्या बदलत ठेवण्याच्या युक्तीचें, कीं शत्रूस मध्यें ढवळाढवळ करतां येऊं नये.

हौशी माणसांच्या वांट्यास मात्र युद्धकाळीं बंदी आली. डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिकेंतील हौशी रेडिओकेंद्रें बंद करण्यांत आलीं. ज्यांच्या छंदावर लष्करानें कारखाने काढले त्यांनींच आपलीं यंत्रें कपाटांत ठेवून स्वस्थ बसावें, हा न्याय आम्हांस कधींच पटलेला नाहीं; युद्धांत असेच न्याय चालतात हेंही खरें.

युद्धानंतर सुधारणा झपाट्यानें झाल्या. १९४७ सालीं रे आर्डेन यांची तप्त तारेची गुडदी बाजारांत आली आणि इंजिनावरचें ठिणगीचें ओझें गेलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर जन्मला. तरीही कित्येक दशकें एकाच लहरीवर दोघांनीं यंत्र सुरू केलें कीं एकाचें विमान पडे. मैदानावर फळी असे. तिच्यावरील आपल्या लहरीची खुंटी हातीं असल्याशिवाय कोणी कळ दाबूं नये असा दंडक होता. थंडींत ताटकळत खुंटीची वाट पाहणें हा त्या खेळाचाच एक भाग होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लहरी वांटून घेणारीं नवीं यंत्रें आलीं आणि तो दंडक मागें पडला. आतां इंजिनाच्या जागीं बहुधा वीज असते. पण लिथियमची बॅटरीही थंडीपुढें नमते, म्हणून ती उड्डाणाच्या क्षणापर्यंत कोटाच्या आंतल्या खिशांत छातीशीं ठेवतात, आणि हात व यंत्र दोन्ही मावतील असा पारदर्शक खिडकीचा मोठा हातमोजा वापरतात.

२००३ च्या ऑगस्टांत मेनार्ड हिल या वृद्ध अमेरिकन गृहस्थांच्या चमूनें पांच किलोंहून कमी वजनाचें बाल्सा लांकडाचें विमान न्यूफाउंडलंडहून सोडलें. सुरुवातीस व शेवटीं बिनतारी दोर माणसाच्या हातीं होता, मधल्या वाटेवर तें स्वतःच मार्ग शोधीत होतें. ३८ तास ५२ मिनिटांनीं तें आयर्लंडच्या किनाऱ्यास उतरलें. हिल यांची दृष्टि तोंपर्यंत जवळजवळ गेलेली होती. त्याआधींचे प्रयत्न फसले होते.

आणि २०२२ नंतरच्या युक्रेनमधील हिंवाळ्यांत तशाच लहान यंत्रांनीं खंदकांवर बाँब टाकले. थंडीनें बॅटऱ्या उतरत, पंख्यांवर बर्फ चढे, आणि दोन्ही बाजूंचे सैनिक बॅटऱ्या उबदार ठेवण्याच्या धडपडींत असत. गुड बंधूंचें 'गफ' तेव्हां साठ वर्षांहून अधिक काळ स्मिथसोनियन संस्थेच्या ताब्यांत होतें. १९६० सालीं त्यांनीं तें तेथें देऊन टाकलें. संस्था तीच, लँग्लींची.