मनीची साखर

मधुमेह हा माणसाचा रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. फराळाचे ताट पुढे आले, की घरातले एखादे वडीलधारे माणूस करंजी हळूच बाजूला सारते आणि चकलीचा तुकडा मोडून घेते. या रोगाशी आपली पहिली ओळख बहुधा अशीच झालेली असते. पण मांजरालाही मधुमेह होतो आणि त्यालाही सकाळ-संध्याकाळ सुई टोचावी लागते, असे सांगितले की ऐकणारा हसतो. आमच्या शेजारच्या काकू तर मला म्हणाल्या, "अहो बाई, तुमच्या मनीने कधी लाडू तरी खाल्ला होता का?" प्रश्न चोख होता. त्याचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

आपल्या वैद्यकाला हा रोग नवा नाही. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले. 'मधुमेह' हे नावच त्यातून आले. सुश्रुताने तर जन्मतः येणारा आणि अपथ्याने होणारा, असे दोन प्रकारही सांगितले. युरोपात थॉमस विलिसने १६७४ साली मूत्राच्या गोडीची नोंद केली आणि १७७६ साली मॅथ्यू डॉब्सनने ती गोडी साखरेचीच, हे सिद्ध केले. पण ही साखर येते कशी? ते कळावयास आणखी शतकभर जावे लागले. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिंकोवस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्र्याला वारंवार लघवी होऊ लागली, आणि तपासून पाहता तीत साखर निघाली. रोगाचे मूळ सापडले. उपाय मात्र दूरच होता.

तो सापडला कॅनडातील टोरोंटो शहरी. १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि बेस्ट हा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. कुत्र्यांचे स्वादुपिंड काढायचे, त्यांना मधुमेह जडवायचा आणि दुसऱ्या स्वादुपिंडाचा अर्क टोचून साखर उतरते का ते पाहायचे, असे ते काम होते. अनेक कुत्रे त्यात गेले. मार्जोरी नावाची एक कुत्री अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला अर्काची पहिली सुई दिली. ती फारशी लागू पडली नाही. कॉलिप या रसायनज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीच्या सुईने मुलाची साखर उतरली. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून चार दिवस अधिक जगविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. लेनर्ड पुढे १९३५ पर्यंत जगला. संशोधकांनी आपला हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केला, ही गोष्ट मी वर्गातल्या मुलांना दर वर्षी सांगते.

यानंतर साठ वर्षे जगातले मधुमेही जगले ते गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडावर. केंब्रिजच्या सँगरने १९५५ पर्यंत गाईबैलांच्या इन्सुलिनची ५१ दुव्यांची साखळी पूर्ण उलगडली. पुढे तुलना झाली तेव्हा मौज दिसली. मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनहून अवघ्या एका दुव्याने वेगळे आहे, माणसाच्या इन्सुलिनहून मात्र चार दुव्यांनी! आणि १९८७ साली स्वीडनमधील संशोधकांनी स्वादुपिंडात साचणाऱ्या एका चिवट द्रव्याचा छडा लावला, तो माणसाच्या एका गाठीतून आणि मधुमेही मांजरांच्या स्वादुपिंडातून. मांजराला बहुतेक वेळा होतो तो आपल्या आजोबांचाच, उतारवयातला मधुमेह. आणि ते द्रव्य दोघांच्याही स्वादुपिंडात साचते. माणसाच्या रोगाचे एक कोडे सोडविण्यात मांजराचाही वाटा आहे, तो असा.

आता काकूंच्या प्रश्नाचे उत्तर. मांजराला लाडू लागतच नाही. त्याच्या जिभेला गोडाची चवच कळत नाही. ते मूळचे निव्वळ मांसाहारी. घरात बसून वाढलेले वजन, उतारवय आणि पिठूळ खाणे यांनी त्याचे बिघडते. आमची मनी आता १४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती पाण्याच्या भांड्यापासून हलेनाशी झाली आणि खाऊनही वाळू लागली. तेव्हा साखर सापडली. गेल्या पावसाळ्यात डॉक्टर म्हणाले, "बाई, आता मूत्रपिंडंही थकली आहेत."

येथे खरी परीक्षा सुरू झाली. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले. थोड्या पाण्यावर भागवून घट्ट मूत्र करणे, हे त्यांच्या मूत्रपिंडांचे कसब. म्हातारपणी तेच आधी जाते, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत दोष दिसू लागेपर्यंत सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडलेले असते. त्यात दोन्ही रोगांत तहान वाढते. म्हणून एकाच्या आडोशाला दुसरा लपतो.

मूत्रपिंडाच्या पथ्याचा इतिहासही एका प्राण्यापासूनच सुरू होतो. १९३९ साली अमेरिकेत मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाच्या 'बडी' या वाटाड्या कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडली. मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी बेताच्या प्रथिनांचे खाणे शिजवून दिले. १९४८ नंतर ते डबाबंद होऊन विकले जाऊ लागले. पण मधुमेही मांजराला हवे भरपूर मांस आणि कमी पिष्ट. मूत्रपिंडाला हवे कमी फॉस्फरस आणि बेताचे मांस. एकाचे औषध ते दुसऱ्याचे कुपथ्य! आमच्या डॉक्टरांनी मार्ग काढला तो असा : ओले खाणे, फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड, दिवसाआड कातडीखाली सलाईन, आणि सर्वांआधी, तिने चार घास खाल्लेच पाहिजेत. मांजराने अन्न सोडले, की थोड्याच दिवसांत यकृतात चरबी साचून तिसरेच संकट उभे राहते.

सुईचेही शास्त्र आहे. आपल्याकडे लाल टोपीची सिरिंज ४० एककांच्या औषधाची आणि नारिंगी टोपीची १०० च्या. १०० चे औषध लाल टोपीच्या सिरिंजने खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट मात्रा जाते. ज्या जिवाला एखाद-दुसरे एकक पुरते, त्याचा त्यात प्राण जाईल. शिवाय मूत्रपिंडे थकली की इन्सुलिन रक्तात अधिक वेळ रेंगाळते. म्हणून साखर वरचेवर मोजून मात्रा उतरवावी लागते. मान टाकली, पाय लटपटले, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. मधुमेह्याला मध, हा विरोधाभास मी याच वयात शिकले.

अलीकडे सुईवाचूनची औषधेही आली आहेत. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली एक द्रव्य निघाले होते. त्याने लघवीतून साखर जाते, हे १८८६ साली दाखविले त्याच फॉन मेरिंगने! त्या वंशातले मांजरांसाठीचे पहिले औषध अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाले. परंतु आधीपासून इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ते द्यावयाचे नाही. म्हणजे मनीसाठी ते उशिरा आले.

एवढे करून मिळवायचे काय, असे लोक विचारतात. प्रश्न अयोग्य नाही. मूत्रपिंडे परत येत नाहीत. आपण फक्त उतार थोडा कमी चढणीचा करतो. कोठे थांबायचे हेही एके दिवशी मलाच ठरवावे लागेल. डॉक्टरांनी त्यासाठी तीन खुणा सांगून ठेवल्या आहेत : ती आपणहून खाते का, स्वतःचे अंग चाटते का, आणि उन्हाच्या आपल्या जागी जाऊन बसते का. तिन्हींची उत्तरे आज 'होय' आहेत. ज्या दिवशी ती 'नाही' होतील, त्या दिवशी सुई तिच्यासाठी न राहता माझ्यासाठी राहील. आणि तशी ती टोचावयाची नाही, हे मी मनाशी पक्के केले आहे.

मात्र तोवरच्या सुईला मी भूतदया म्हणणार नाही. टोरोंटोच्या त्या कुत्र्यांना कोणी विचारले नव्हते, खाटीकखान्यातल्या गुरांना तर नाहीच. त्यांच्या जिवावर आपल्या घरांतली कितीतरी माणसे फराळाच्या ताटापर्यंत पोहोचली; माझे वडीलही त्यांतलेच. त्या ऋणापैकी दोन एकके सकाळी आणि दोन संध्याकाळी परत जातात, एवढेच.