इन्सुलिन सुटते कोणाच्या इशाऱ्यावर?

स्वादुपिंडातून इन्सुलिन केव्हा आणि किती सुटावे, हे रक्तातील साखर, आतड्यातील संप्रेरके, मज्जातंतू आणि शेजारच्या पेशी मिळून ठरवतात. हे कोडे उलगडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मधुमेहाचे मूळ शोधण्यात पुण्यातील संशोधनाची भरही मोलाची आहे.

गोड लघवी आणि तिला लागणाऱ्या मुंग्या यांची नोंद चरकसंहितेत आहे. मात्र मधुमेहाचे मूळ कोणत्या अवयवात आहे, हे फार उशिरा कळले. 1869 मध्ये बर्लिनमधील विद्यार्थी पॉल लँगरहान्स याला स्वादुपिंडात वेगळ्या पेशींचे पुंजके दिसले. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह झाला. 1921 मध्ये टोरांटोत मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी या ग्रंथीचा अर्क मिळवला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी 1922 मध्ये तो लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आला.

इन्सुलिन हाती आले, पण ते सोडण्याचा हुकूम कोण देतो, हा प्रश्न उरलाच. आतडे रक्तावाटे स्वादुपिंडाला निरोप धाडते, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये 1902 मध्येच दाखवले होते. तो निरोप मात्र पाचकरसासाठी होता. इन्सुलिनच्या बाबतीत असे काही असेल का, हे तपासायला रक्तातील इन्सुलिन मोजता येणे गरजेचे होते. ती पद्धत 1960 मध्ये यालो आणि बर्सन यांनी दिली. चारच वर्षांत दिसून आले, की ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिले तर इन्सुलिन जास्त सुटते. हा जास्तीचा इशारा आतड्याचा होता. जीआयपी आणि जीएलपी-1 ही ती दोन संप्रेरके. 2005 पासून जीएलपी-1च्या धर्तीवरची औषधे उपचारात आली.

पेशीच्या आत काय घडते, हे शोधणारी दुसरी वाट योगायोगाने उघडली. 1942 मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांना दिलेल्या एका सल्फा औषधाने त्यांची साखर धोकादायकरीत्या उतरली. लुबातिएर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की स्वादुपिंड शाबूत असेल तरच हा परिणाम होतो. त्यातून मधुमेहावरील सल्फोनिलयुरिया गोळ्या आल्या. त्या नेमके काय करतात, याचा उलगडा 1984 नंतर झाला. त्या वर्षी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची एक वाहिनी सापडली. ग्लुकोजमुळे ती मिटते आणि या गोळ्यांनीही मिटते.

तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यात सकाळी उकड्या तांदळाची पेज घेतली, की हीच साखळी सुरू होते. पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोज होऊन ते रक्तात, तिथून बीटा पेशीत शिरते. ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या विघटनाचा पहिला टप्पा पार पाडते आणि पुढे एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य तयार होते. एटीपी वाढले की पोटॅशियमची वाहिनी बंद होते, आवरणावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे इन्सुलिन भरलेल्या पुटिका आवरणाला चिकटून रिकाम्या होतात. पहिला लोट काही मिनिटांत ओसरतो, दुसरा संथ असतो पण टिकतो. त्याच वेळी जीएलपी-1 हा प्रतिसाद वाढवते, व्हेगस मज्जातंतू ॲसिटिलकोलीनद्वारे त्याला साथ देतो, तर शेजारच्या डेल्टा पेशींचे सोमॅटोस्टॅटिन आणि ताणाच्या वेळचे नॉरॲड्रेनॅलिन लगाम घालतात. जीएलपी-1चा जोर साखर वाढलेली असतानाच चालतो, म्हणून त्यावर आधारित औषधांनी साखर फार खाली जाण्याचा धोका तुलनेने कमी असतो.

ही साखळी सर्वांत सारखीच, मग कमी वजनाच्या भारतीयांना मधुमेह इतका का जडतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तिथली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाला हलकी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. 2002 मधील दुसऱ्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त आढळले. म्हणजे शरीराची ही घडण जन्माआधीच सुरू झालेली असते. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती, हेही सहा गावांच्या अभ्यासातून पुढे आले. ज्या मातांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली.

मधुमेहाविरुद्धचे काम साखर वाढल्यावर सुरू करणे म्हणजे उशीर करणे होय. ते गर्भवतीच्या ताटापासून, तिच्या दूध-पालेभाजीपासून सुरू झाले पाहिजे.